रोहिणखेडच्या दोन लढाया आणि आबांची चाल

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मोताळ्याच्या बाजूस आले, की माणूस 'घाटाखाली' आला असे आमच्या जिल्ह्यात म्हणतात. घाटावरचे आणि घाटाखालचे असे जिल्ह्याचे दोन भाग. जमीन निराळी, ऊन निराळे, आणि एकमेकांची थट्टा करण्याची तऱ्हाही निराळी. ह्या घाटाच्या अगदी पायथ्याशी रोहिणखेड आहे. जुन्या ग्रंथांत त्याचे नाव रोहनखेड असे येते. आज मोताळा तालुक्यातले एक गाव एवढीच त्याची ओळख उरली आहे. परंतु दक्षिणेच्या इतिहासात ह्या गावाच्या नावावर एक नव्हे, दोन लढाया जमा आहेत. मोठमोठ्या शहरांना जो मान मिळाला नाही तो आमच्या खेड्याला दोनदा मिळाला, असे माझे वडील, म्हणजे आबा, मोठ्या अभिमानाने सांगत.

आबा शाळेत इतिहास शिकवीत. निवृत्त झाल्यावरही त्यांची शिकवणी सुटली नाही; फक्त विद्यार्थी बदलले. घरी कोणी पाहुणा आला, की चहा होताच आबा पायांत चपला सरकवत आणि त्याला गावातली जुनी मशीद दाखवायला नेत. घरापासून मशिदीपर्यंतची वाट दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत दोन्ही लढाया संपल्या पाहिजेत, असा त्यांचा हिशेब असे. आणि त्या संपतही.

पहिली लढाई इ.स. १४३७ ची. तिचे मूळ एका सासुरवाशिणीच्या दुःखात आहे. खानदेशचा सुलतान नसीरखान फारुकी ह्याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद ह्याला दिली होती. पुढे ह्या सुलतानाने कोकणातल्या संगमेश्वरच्या राजाची मुलगी आणली आणि पहिल्या राणीकडे त्याचे दुर्लक्ष झाले. मुलीने बापाकडे गाऱ्हाणे नेले, आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडात उतरला. वऱ्हाडातले काही सरदार त्याला जाऊन मिळाले; बहमनींचा वऱ्हाडचा सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडून बसला. तेव्हा दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी ह्याला सुलतानाने रवाना केले. त्याने रोहिणखेडपाशी नसीरखानाला गाठून त्याचा पुरता मोड केला, बऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला आणि ते शहर लुटले. नसीरखान त्याच वर्षी मरण पावला.

दुसरी लढाई त्यानंतर दीडशे वर्षांनी झाली. जुन्या गॅझेटियरात तिचे साल १५९० दिले आहे. फारसी तवारिखेतल्या हिजरी तारखेवरून ते १५९१ असे येते. अहमदनगरच्या गादीवर त्या वेळी इस्माईल नावाचा एक मुलगा होता, आणि खरा कारभार जमालखान ह्या महदवी सरदाराच्या हाती होता. मौज अशी, की इस्माईलचा बाप बुऱ्हाण जिवंत होता. हा बुऱ्हाण म्हणजे आपल्या चांदबिबीचा भाऊ. बापाने मुलाविरुद्ध गादीवर हक्क सांगितला, खानदेशच्या राजे अलीखानाची मदत मिळवली, आणि पुन्हा रोहिणखेडलाच दोन्ही सैन्यांची गाठ पडली. जमालखान मारला गेला, इस्माईल कैद झाला आणि बाप मुलाच्या गादीवर बसला.

मशीद ह्या दोन लढायांच्या मधली. जमालखानाचाच एक अनुयायी खुदावंदखान महदवी ह्याने ती इ.स. १५८२ मध्ये बांधली, म्हणजे पहिल्या लढाईनंतर १४५ वर्षांनी आणि दुसरीच्या ८-९ वर्षे आधी. लहानशी पण देखणी वास्तू आहे. आबा मशिदीसमोर उभे राहून पाहुण्याला नेहमी एकच प्रश्न विचारीत : "सांगा, हिने कोणती लढाई पाहिली?" पाहुणा गोंधळला की त्यांना भारी आनंद होई. "पहिलीच्या वेळी ही नव्हतीच, तर पाहील कशी? हिने दुसरीच पाहिली!" हे त्यांचे ठरलेले वाक्य मी लहानपणापासून शंभर वेळा तरी ऐकले असेल.

हे सगळे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण पुढे येईल.

साल २००९. दिवाळीला मी गावी गेलो होतो. आबांचे वय तेव्हा बहात्तर. भाऊबिजेला आलेल्या एका नातलगाला घेऊन आबा मशिदीकडे निघाले आणि मीही मागून चाललो. माझ्या ध्यानात आले, की आबा बोलताना थांबतात. चार पावले चालत, उभे राहत, दोन वाक्ये बोलत, मग पुन्हा चालू लागत. पूर्वी पाय आणि तोंड एकाच वेळी चालायचे. आता एक चालले की दुसरे थांबे. नातलग पुढे जाऊ लागला तर आबा त्याचा हात धरून म्हणत, "थांब न बाप्पा, सांगून राह्यलो न मी!" मला वाटले, मास्तरकीची जुनी सवय, महत्त्वाचे वाक्य आले की वर्गात उभे राहूनच सांगायचे. मी मनात हसलो. दहा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी पंचवीस मिनिटे लागली.

आईने मात्र दुसरीच गोष्ट पाहिली होती. ती मला म्हणाली, "तुह्या आबाची चप्पल आताशा घासत येते. दुरूनच समजते." खरोखरच त्यांच्या चपलांचे तळ पुढच्या बाजूने झिजले होते. शिवाय विहिरीचा दोर ओढताना हात लौकर दुखतात, मोसंबीच्या मुरंब्याच्या बरणीचे झाकण उघडत नाही, सदरा खांद्यावर सैल होतो, दुपारी उगीचच थकवा येतो, अशा बारीकसारीक तक्रारी होत्या. आम्ही त्यांवर एकच औषध जाणत होतो. ते म्हणजे "आता तुम्ही बसा. आम्ही आहोत ना!" पुढल्या दिवाळीला मी बुलढाण्याहून एक चांगली लाकडी आरामखुर्ची घेऊन गेलो आणि ओसरीवर मांडली. आबांना ती फार आवडली. मशिदीकडे जाणे कमी झाले. पाहुण्यांना लढाया खुर्चीतूनच ऐकायला मिळू लागल्या. मुलाने बापाची कशी काळजी घ्यावी, ह्याचे उदाहरण म्हणून गावातले लोक माझे नाव घेत. तो मान मी मोठ्या समाधानाने स्वीकारला, हे आज लिहिताना मला लाज वाटते.

साल २०१३. एका शाळेची सहल मशीद पाहायला आली होती आणि गुरुजींनी आबांना मुद्दाम बोलावले. मुलांसमोर उभे राहून आबांनी सांगायला सुरुवात केली. संगमेश्वरची राजकन्या आली, नसीरखान आला, आणि मग आबा म्हणाले, "पराभव झाल्यावर नसीरखान ह्या मशिदीत येऊन बसला." मी चमकलो. जी चूक पाहुण्यांकडून व्हावी म्हणून ते आयुष्यभर टपून बसत, तीच त्यांच्या तोंडून निघाली होती. पुढे तर जमालखान आणि खलफ हसन एकाच रणांगणावर लढू लागले. १५४ वर्षांचे अंतर आबांच्या डोक्यातून पुसले गेले होते, आणि ते पुसले गेल्याची त्यांना कल्पनाही नव्हती. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा आम्ही जागे झालो. पहिल्या डॉक्टरांनी "वय झाले, चालायचेच" म्हणून हात झटकले. दुसरे भेटले ते निराळे होते. त्यांनी स्मरणाचे प्रश्न विचारण्यापूर्वी आबांना दालनात चालायला लावले, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायला सांगितले, आपला हात त्यांच्या मुठीत देऊन "दाबा" म्हटले. मग मला विचारले, "चाल केव्हापासून मंदावली?" मी सांगितले, चार वर्षांपासून. "आणि विसर केव्हापासून?" मी म्हणालो, आत्ताच. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे निरोप चार वर्षांपूर्वी आला होता."

मी डॉक्टर नव्हे. इतिहास शिकवण्यातच माझीही नोकरी गेली. पण त्या एका वाक्याने मला एका वेगळ्याच इतिहासाच्या मागे लावले. माणसाच्या देहाचे थकणे आणि बुद्धीचे ढळणे, ह्या दोन गोष्टींचा संबंध वैद्यकाला केव्हा आणि कसा कळला, त्याचा हा इतिहास. तो जेवढा मला उमगला तेवढा सांगतो.

आपल्या भाषेत दोन्हींसाठी शब्द आहेत, पण ते कधी शेजारी बसले नाहीत. शरीर थकले की आपण म्हणतो हातपाय गळले, त्राण गेले. बुद्धी ढळली की म्हणतो म्हातारचळ लागला, साठी बुद्धी नाठी. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायाइतका जुना आहे. पण तेथे तो क्रोध आणि संमोह ह्यांच्यातून उपजतो, वार्धक्यातून नव्हे. ज्ञानदेवांनी तेराव्या अध्यायाच्या टीकेत भर तारुण्यातच उद्याचे वार्धक्य डोळ्यांपुढे आणणाऱ्या ज्ञानी माणसाचे चित्र काढले आहे. ज्याने ते इ.स. १२९० मध्ये सांगितले तो स्वतः ऐन तारुण्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे मन थक्क होते. इंद्रिये धड आहेत तोवरच काय ते करून घ्यावे, हा त्यातला बोध वैराग्याचा आहे. पण वैद्यकाच्या दृष्टीनेही तो खोटा नाही.

पश्चिमेकडेही दोन वाटा वेगवेगळ्याच राहिल्या. बुद्धीच्या वाटेवर आलोइस अल्झायमर हा जर्मन डॉक्टर उभा आहे. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात त्याने ५१ वर्षांची एक बाई तपासली. तिला आपले नावही धड लिहिता येईना. ती वारल्यावर तिच्या मेंदूत त्याला विचित्र गाठी आणि पुटे दिसली, आणि १९०६ च्या नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथे त्याने ती सभेपुढे मांडली. १९१० मध्ये क्रेपेलिन ह्या त्याच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने ह्या विकाराला त्याचे नाव दिले. पण ही रोगी बाई वयाने लहान असल्यामुळे एक घोटाळा झाला. पन्नाशीतला विसर तेवढा रोग, आणि ऐंशीतला विसर म्हणजे निव्वळ वय, अशी समजूत रूढ झाली. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन ह्या अमेरिकन डॉक्टराने दोन्ही एकच असल्याचे ठासून मांडीपर्यंत तिचा पगडा कायम होता. आबांचे पहिले डॉक्टर जे म्हणाले ते ह्याच समजुतीचे शिळे अन्न होते.

देहाच्या वाटेवर मार्जोरी वॉरेन ही इंग्रज डॉक्टरीण भेटते. १९३५ च्या सुमारास लंडनजवळच्या एका रुग्णालयात वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले म्हातारे तिच्या हाती आले. ह्यांचे आता काही व्हायचे नाही, असे सर्वांनी ठरवले होते. तिने एकेकाला तपासले, उठवले, चालवले, आणि त्यांतले कितीतरी घरी पाठवले. खाटेवर पडून राहणे हा वार्धक्याचा स्वभाव नसून पुष्कळदा तो उपचाराचाच दोष असतो, हे तिने दाखवून दिले. तिच्या नंतरच्या पिढीत बर्नार्ड आयझॅक्स ह्याने वार्धक्याचे चार राक्षस सांगितले : हालचाल बंद होणे, तोल जाणे, मलमूत्राचा ताबा सुटणे आणि बुद्धी ढळणे. देह आणि बुद्धी निदान एका ओळीत तरी बसली.

त्यांचे नाते मात्र अलीकडेच उलगडले, आणि त्यातला एक प्रयोग वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा मारल्या. एवढाच तो प्रयोग. त्यांपैकी १२ जण बोलण्यासाठी उभे राहिले. पुढल्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. १९९७ मध्ये 'लॅन्सेट' ह्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. कारण असे, की आपल्याला चालणे हे पायांचे काम वाटते, पण ते मेंदूचेही आहे. तोल सांभाळणे, पाऊल कोठे टाकायचे ते ठरवणे, वाटेतला दगड चुकवणे ही सारी खटपट मेंदू मुकाट्याने करीत असतो. त्याची गंगाजळी भरलेली असली की तो चालवतो आणि बोलायलाही लावतो. ती आटू लागली की एका कामाला पैसा पुरवताना दुसरे थांबवावे लागते. आबा मास्तरकीच्या सवयीने थांबत नव्हते. त्यांच्या मेंदूची गंगाजळी आटत होती. हा प्रयोग छापून येऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. मला फक्त तो ठाऊक नव्हता.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्यातल्या जर्जरतेची व्याख्या केली. पाच खुणा : न ठरवता वजन घटणे, सतत थकवा, मुठीची ताकद कमी होणे, चाल मंदावणे आणि हिंडणे-फिरणे कमी होणे. ह्यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर तो माणूस जर्जर. एक-दोन असतील तर त्या वाटेवर. सैल सदरा, दुपारचा थकवा, मुरंब्याची बरणी, घासणारी चप्पल, सुटलेली फेरी. आबांच्या ठिकाणी पाचही खुणा होत्या, आणि आम्ही त्या पाचांनाही एकच नाव दिले होते, 'वय'.

मग मेंदूचेच दार उघडून पाहणारे लोक आले. अमेरिकेत शिकागोजवळ एका दीर्घ अभ्यासात हजारो वृद्धांनी हयातीत तपासण्या करून घेतल्या आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचे कबूल केले. त्यांपैकी ४५६ जणांची माहिती घेऊन कॅनडातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक विलक्षण गोष्ट मांडली. काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या गाठी-पुटे भरपूर होती, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. हे लोक बहुधा शरीराने सुदृढ होते. उलट काहींच्या मेंदूत तेवढी खराबी नव्हती, तरी त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता; आणि ते शरीराने जर्जर होते. म्हणजे मेंदूवरचा घाव सारखाच असला तरी तो सोसण्याची ताकद देहाच्या बळावर ठरते. पुढे २०२४ मध्ये, आबा जाऊन सहा वर्षे झाल्यावर, इंग्लंड-अमेरिकेतल्या सुमारे ३०,००० वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या ४ ते ९ वर्षे आधीपासून जर्जरता झपाट्याने वाढू लागते, असे त्यात आढळले. आमच्या घरी हे अंतर चार वर्षांचे होते.

आता एक सावधगिरीची सूचना, कारण अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा वाईट. जर्जरता हे स्मृतिभ्रंशाचे कारण, की मेंदूत आधीच लागलेल्या वाळवीचा तो पहिला भुसा, ह्याचा निवाडा पूर्ण झालेला नाही. बहुधा दोन्ही खरे आहे. रक्तवाहिन्यांचे रोग, मधुमेह, शरीरात धुमसणारी सूज, निकस आहार, एकटेपणा ही कारणे स्नायूंनाही कुरतडतात आणि मेंदूलाही. शिवाय प्रत्येक वाकलेला म्हातारा बुद्धीनेही वाकतो असे मुळीच नाही. इतिहासातलाच दाखला देतो. इ.स. १६९५ मध्ये जेमेली करेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाला पाहिले. बादशहा ७६ वर्षांचा होता. काठीवर भार देऊन, वयाने वाकून आला, पण अर्ज वाचून त्यांवर चष्म्यावाचून स्वतःच्या हाताने शेरे मारीत होता. त्यानंतर बारा वर्षे महाराष्ट्राशी झुंजून १७०७ मध्ये तो अहमदनगरला मेला. देह थकला होता. हट्ट आणि हिशेब शेवटपर्यंत शाबूत होते. तेव्हा जर्जरता म्हणजे विधिलिखित नव्हे. ती धोक्याची घंटा आहे, आणि घंटा वाजली की उठायचे असते.

उठून काय करायचे? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग झाला आणि २०१५ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. व्यायाम, योग्य आहार, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर नजर ह्या चारही गोष्टी एकत्र केल्या तर बुद्धी अधिक चांगली टिकते. ह्यात परदेशी असे काय आहे? महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवायला पायी येत-जात, आणि १०४ वर्षे जगून १९६२ मध्ये गेले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानात लहानथोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले. एकट्या माणसावरून नियम बांधता येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे. पण वाट आपल्याला नवी नाही, एवढे त्यावरून म्हणता येईल.

आणि ही वाट आपल्याला धरावीच लागणार. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक लोकांची पाहणी केली. त्यात माणसांच्या मुठीची ताकदही मोजली होती. त्याच पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासाने २०२३ मध्ये अंदाज दिला, की साठीपुढच्या भारतीयांत १०० पैकी ७ हून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या ८८ लाखांवर जाते. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. खेड्यातला माणूस कष्टाळू, त्याला कसला आलाय विसर, ही आपली समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी आबांना जे सांगितले ते साधेच होते. कान तपासून यंत्र दिले. रक्तातले ब-१२ आणि थायरॉइड पाहिले, कारण ह्या गोष्टी कमी-जास्त झाल्या तरी विसर पडतो आणि तो भरून येतो. जेवणात वरण, दूध, शेंगदाणे वाढवले. दिवसातून काही वेळा खुर्चीतून हात न टेकता उठायचे-बसायचे, आणि रोज कोणाच्या तरी सोबतीने चालायचे. आरामखुर्चीकडे बोट दाखवून मी विचारले, "ही काढून टाकू?" ते म्हणाले, "खुर्ची राहू द्या. तिच्यातून उठायला काही निमित्त द्या."

आम्ही निमित्ते दिली. अंगणातली तुळस, पिठाची चक्की, मारुतीचे देऊळ. आईने त्यांना शेंगा फोडायला बसवले. त्याने मुठीला काम मिळाले. काय साधले ते खरे तेच सांगतो. गेलेली साले परत आली नाहीत. १४३७ आणि १५९१ ह्यांच्यातली भिंत पुन्हा कधीच उभी राहिली नाही. पण आबांचे पडणे थांबले, जेवण सुधारले, आणि आणखी पाच वर्षे ते स्वतःच्या पायांनी दारापर्यंत येऊन आमची वाट पाहत उभे राहत. चार वर्षे आधी उठवले असते तर किती साधले असते, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. त्याला उत्तर नाही. पण प्रश्न खोटा नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी त्यांना मशिदीकडे घेऊन निघालो. हात माझ्या हातात होता. वाटेत त्यांनी बोलावे आणि थांबावे लागू नये म्हणून ह्या वेळी मीच बोललो. नसीरखानाची मुलगी, संगमेश्वरची राजकन्या, खलफ हसनची फौज, सगळे त्यांच्याच शब्दांत सांगत गेलो. आबा ऐकत होते आणि चालत होते. एकदाही थांबले नाहीत. जमालखान पडला तेथे आम्ही मशिदीसमोर पोचलो आणि मी गप्प झालो. आबांनी वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि अगदी शाळकरी पोराच्या उत्सुकतेने विचारले, "मंग काय झालं?"

वाचकहो, ह्या दिवाळीत तुम्ही फराळ आटोपून आपल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसाल. त्यांच्यासाठी काही आणले असेल ते जरूर द्या. पण नंतर त्यांना उठवा आणि गावाच्या वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर चाला. जुनी एखादी गोष्ट विचारा. आणि ती सांगताना ती थांबतात का, चपलांचे तळ कोठे झिजले आहेत, सदरा सैल झाला आहे का, एवढे नीट पाहून घ्या. आढळलेच काही, तर "वय झाले" म्हणून परत घरी फिरू नका, डॉक्टरांकडे न्या. आमच्या घरी ते कोणी पाहिले होते ते माझ्या आईने, आणि तिचे म्हणणे मी चपलेपुरतेच धरले होते.